इंजिन ओरडतंय, गाडी पळत नाही

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. आणि लिहायचं कारण काय, तर क्लचची केबल! घरचे हसतील, हसू देत.

आमच्या बाबांची येझदी रोडकिंग नातेवाईकांना ठाऊक आहे. निम्म्या भाचरांचे लहानपणचे फोटो तिच्या टाकीवर बसून काढलेले आहेत. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. २५० सीसी, टू-स्ट्रोक, दोन सायलेन्सर, चार गिअर. बनवणारी म्हैसूरची आयडियल जावा. तो कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. २०२२ मध्ये येझदी नावाने नव्या गाड्या आल्या, पण त्या फोर-स्ट्रोक. आमची ती जुनी, धूर काढणारी.

तर एका रविवारी मोशीहून शिक्रापूरला आत्याकडे निघालो. चाकणपर्यंत गर्दीत काही कळलंच नाही. पुढे शिक्रापूर रस्त्याला एका कंटेनरला ओव्हरटेक करायला रेस पिळली आणि इंजिन किंचाळलं. आवाज ऐंशीचा, काटा मात्र पंचावन्नला चिकटलेला. कंटेनर संपेना आणि समोरून टेम्पो! कसाबसा ब्रेक मारून कंटेनरच्या मागे आलो. चहाच्या टपरीवर थांबलो तेव्हा हातातला कप हलत होता.

घरी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजवाल्याला दाखवली. त्याने गाडी चालवलीसुद्धा नाही. जागेवर दोनदा रेस दिली आणि म्हणाला, "साहेब, इंजिन उतरवावं लागेल. बोअर, पिस्टन, क्रँक सगळं आलं. नाहीतर विकून टाका, गिऱ्हाईक आहे माझ्याकडे."

खरं सांगतो, मी विकायच्या विचारावर आलो होतो. रात्री बाबांना सांगितलं. बाबांची उमेदीची वर्षं आकुर्डीला एका कारखान्याच्या तपासणी खात्यात गेली. आता गुडघ्यांमुळे ते गाडी चालवत नाहीत. माझं ऐकून गप्प बसले. मग म्हणाले, "विकायची तर विक. पण आधी सांग, रेस वाढते म्हणजे नक्की केव्हा वाढते?"

मला उत्तर देता येईना. आणि हाच आजचा माझा मुद्दा आहे मंडळी. "रेस जास्त आहे" हे दुखणं नाही, ते लक्षण आहे. ताप आला म्हणून कुणी थेट ऑपरेशन करत नाही!

बाबांनी मग तीन प्रश्न विचारले. जुनी गाडी बाळगणाऱ्यांनी ते पाठच करावेत.

पहिला, रेस सोडून क्लच दाबला की इंजिन लगेच खाली येतं का? येत नसेल तर एकतर रेसची केबल अडकतेय, नाहीतर इंजिन कुठून तरी चोरून हवा ओढतंय. कार्ब्युरेटरच्या बुडाचं गॅस्केट किंवा क्रँकचं ऑइल सील गेलेलं असतं. अशी गाडी तिथेच थांबवायची. या टू-स्ट्रोकला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं. हवा वाढून मिश्रण पातळ झालं की इंजिन तापून सीझ होतं.

दुसरा, टॉप गिअरमध्ये चाळीसवर असताना एकदम रेस दिली तर आवाज आणि वेग बरोबर वाढतात का? आवाज आधी पळाला आणि गाडी मागे राहिली, तर क्लच स्लिप होतोय. चढावर आणि इंजिन तापल्यावर हे जास्त जाणवतं.

तिसरा, आवाज आणि वेग हातात हात घालून वाढतात, तरी रेस जास्त वाटते का? मग चेन स्पॉकेटचे दाते मोजायचे. पुढचं स्पॉकेट १७ ऐवजी १६ दात्यांचं बसवलं तर त्याच वेगाला इंजिन सुमारे ६ टक्के जास्त फिरतं. आणि मोबाइलच्या जीपीएसवर खरा वेग बघायचा, स्पीडोमीटर खोटं बोलत असू शकतो.

मंगळवारी सकाळी परत फेरी मारली. पहिल्या प्रश्नात पास, दुसऱ्यात सरळ नापास! घरी येऊन केबल बघितली तर क्लचच्या दांडीला अजिबात ढील नाही. कशी असेल? महिन्यापूर्वी क्लच नीट सुटत नाही म्हणून मीच ती ताणून बसवली होती. म्हणजे इतके दिवस क्लच किंचित दाबलेलाच राहत होता. शिवाय येझदीत गिअरची दांडी हलवली की क्लच आपोआप सुटतो, त्यामुळे आतल्या स्क्रूचीही ढील बघावी लागते. तीही बाबांनी खुर्चीत बसून माझ्याकडून करून घेतली. क्लच प्लेटा झिजल्या होत्या, त्या बदलल्या. इंजिनाला हात लावला नाही.

आता गाडी ओढते. तरी ऐंशीला मला आवाज जास्तच वाटला, म्हणून तक्रार केली. बाबांनी हिशोबच मांडला. मागच्या चाकाचा घेर सुमारे १.९ मीटर. साठच्या वेगाला मिनिटात १,००० मीटर, म्हणजे चाकाचे सव्वापाचशे फेरे. टॉप गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला इंजिन किती फिरतं ते प्लग काढून, चाक हाताने फिरवून मोजायचं आणि गुणायचं. ऐंशीला तोच आकडा एक तृतीयांशाने वाढतो. "हा दोष नाही," बाबा म्हणाले. "ती साठची गाडी आहे. रस्ते बदलले, ती नाही बदलली."

आकुर्डीत चेतक बनली, चाकणला पल्सर बनते. गाड्यांवर जगणारा आमचा हा पट्टा. इथे पार्ट बदलणारे हात गल्लोगल्ली मिळतात. गाडी आधी चालवून बघणारा, ऐकणारा, मोजणारा माणूस मात्र शोधावा लागतो. गॅरेजवाल्याला तरी किती दोष द्यायचा? त्याचं पोट पार्टवर आहे, ऐकण्याचे पैसे त्याला कोण देतं? आणि केबल तर मीच ताणली होती. तेव्हा आधी स्वतः ऐकावं, मोजावं आणि मगच पाना उचलावा, हे माझं मत.

असो. गाडी विकत नाही. पुढच्या रविवारी परत शिक्रापूरला. आत्या, साठच्या वर जाणार नाही, जेवायला थोडं थांबा :)