पक्वता आणि मुदत

बँकेच्या पत्रात ‘ठेव परिपक्व झाली’ असे वाचले की आम्हांस हसू येते. आमच्या रविवार पेठेत ‘मुदत भरली’ एवढेच म्हणत. मुदत तारखेने भरते. १८८१ च्या कायद्याने मुदती बिलास वर ३ दिवसांची सवलतही मिळते. ज्वारीस तारीख कसली? दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका आला की ती पक्व. तरी तेव्हा तिच्यात शेकडा ३० च्या आसपास ओल असते. म्हणून आम्ही दाणा दाताखाली फोडून पाहतो. कायदा १८ व्या वर्षी मुलास सज्ञान म्हणतो. तेवढ्यावर पेढीची सही द्यावी, हे आम्हांस पटले नाही. मात्र चिरंजीवांस गल्ल्यावर एकदाही एकटे बसवून पाहिले नाही. ते तिशीत पुण्यास नोकरीस गेले. टिळकवाडीच्या घरी नातू सुट्टीस येतो. यंदा रोजकीर्द त्याच्या हाती दिली आहे.