भाऊसाहेब घरी गेले की साइटही घरी जाते

मंडळी, एका सरकारी कार्यालयात गेलो होतो, नाव घेत नाही. दाखल्यांची ऑनलाइन साइट संध्याकाळनंतर बंद का पडते, हे विचारायला. उत्तर टेबलावरच होतं. विंडोजचा साधा पीसी, त्यावर एक काळी खिडकी उघडी आणि खाली चिठ्ठी: 'ही बंद करू नये.' भाऊसाहेब बिचारे खिडकी बंद करतच नाहीत, फक्त जाताना लॉग ऑफ करतात. झालं!

साइट पायथनच्या जँगोवर बनवलेली. ती खिडकी म्हणजे 'रनसर्व्हर', प्रोग्रामरने काम करताना तपासण्यापुरता. लोकांसाठी तो वापरू नका, असं जँगोवाल्यांनीच लिहून ठेवलंय. वर 'डीबग' पण चालू, म्हणजे काही चुकलं की आतला कोड सगळ्यांना दिसणार.

यात विंडोजचा दोष नाही. गुनिकॉर्न त्यावर चालत नाही हे खरं, पण वेट्रेस चालतो आणि फुकट मिळतो. तो विंडोज सर्व्हिस म्हणून बसवायचा, पुढे आयआयएस किंवा अपाची. मग कोणी लॉगिन करो न करो, वीज जाऊन येवो, मशीन सुरू झालं की साइट सुरू.

एवढंही केलेलं नाही, तर देखभालीचं बिल कशाचं निघतं? सोमवारी माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. उत्तर आलं की इथेच टाकतो.