वकिलांपुढील आलोचना

आपल्या परंपरेत आलोचनेचे दहा दोष सांगितले आहेत. सोलापूरच्याच जीवराज जैन ग्रंथमालेने प्रकाशित केलेल्या ‘भगवती आराधने’त त्यांचे विवेचन आहे. इतरांनी पाहिला तेवढाच दोष गुरूंना सांगणे हा ‘दृष्ट’. स्थूल सांगून बारीक लपविणे हा ‘बादर’. बारीकसारीक सांगून मोठा झाकणे हा ‘सूक्ष्म’. वकिलांसमोर बसलेला व्यापारी पाहिला की हे तिन्ही आठवतात. (वकील म्हणजे गुरू नव्हेत आणि तेथे प्रायश्चित्ताऐवजी बिल मिळते, हा भेद मान्य.)

समजा, चाटी गल्लीतील एका पेढीने परगावी चादरी व टॉवेल उधारीवर दिले आणि त्यापोटी आलेला पाच लाखांचा धनादेश न वटता परत आला. मालक वकिलांना धनादेश व बँकेचा मेमो दाखवितात. परंतु धनादेश बँकेत भरण्यापूर्वीच त्यातले ऐंशी हजार मिळाले होते, हे सांगत नाहीत. ‘ते आमचे आपसातले,’ अशी समजूत. नोटीस पूर्ण पाच लाखांची जाते आणि फौजदारी तक्रारीचा पायाच खचतो. दशरथभाई पटेल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली हेच ठरविले. धनादेश २० लाखांचा होता, चार लाखांहून अधिक रक्कम आधीच पोचली होती, धनादेशावर तशी नोंद नव्हती. आरोपीची सुटका कायम राहिली. तो ऐंशी हजारांचा आकडा वकिलांना वेळीच कळता, तर उरलेल्या रकमेचा नवा धनादेश मागता आला असता.

सांगितलेले बाहेर फुटेल, ही भीती व्यापाऱ्यास स्वाभाविक आहे. परंतु भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ नुसार अशिलाच्या स्पष्ट संमतीवाचून वकिलास ते उघड करता येत नाही. काम संपल्यावरही नाही. त्यांच्या कारकुनावरही हेच बंधन आहे. बेकायदा हेतू साधण्यासाठी केलेल्या बोलण्यास मात्र हे संरक्षण नाही. आणि लग्नाच्या पंगतीत नात्यातल्या वकिलांच्या कानावर घातलेली गोष्ट या कवचात बसेलच, असेही समजू नये.

आणखी एक. ‘आमच्या खतावणीत नोंद आहे’ एवढ्यावर आपण निर्धास्त राहतो. हिशेबाच्या वहीतील नोंद ग्राह्य असली, तरी केवळ तिच्या बळावर कोणावर देणे लादता येत नाही. म्हणून चलन, बिल्टी, मालाच्या तक्रारीची पत्रे, अगदी आपल्याला अडचणीची असली तरी, सोबत न्यावीत. व्हॉट्सॲपवरील संदेश पुसू नयेत. एकत्र पेढीत वडील एक, थोरला दुसरे आणि धाकटा तिसरेच सांगतो. त्यापेक्षा घरात आधी बसून तारीखवार एक कागद करावा आणि एकानेच बोलावे. धनादेश परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून नोटिशीस ३० दिवस मिळतात. पर्युषण किंवा लग्नसराई आहे म्हणून ते थांबत नाहीत.