हाडांच्या बेटावरून नवगावला

की वेस्टला जाऊन आलो असं सांगितलं, की इथले ओळखीचे लोक दोनच प्रश्न विचारतात. सूर्यास्त बघितला का? आणि की लाइम पाय खाल्ला का? दोन्ही झालं. सूर्यास्त छान होता, पाय जरा जास्तच गोड होता. पण आज लिहायला बसलो आहोत ते वेगळ्याच कारणासाठी, आणि शेवटी ते अलिबागला येऊन पोचणार आहे, तेव्हा वाचकांनी थोडा धीर धरावा.

फेब्रुवारीत न्यू जर्सीच्या बर्फाला कंटाळून आम्ही नवरा-बायको फ्लोरिडाला गेलो. मायामीपासून खाली बेटांची माळ सुरू होते आणि रस्ता बेचाळीस पुलांवरून समुद्र ओलांडत जातो. दोन्ही बाजूंना पाणी, नारळाची झाडं. नारळ कोणाच्या डोक्यात पडू नयेत म्हणून इथे ते बऱ्याच ठिकाणी आधीच काढून टाकतात. ज्यांच्या घरी मटणाच्या रश्श्यापासून गोडापर्यंत सगळं नारळाच्या दुधावर चालतं, त्यांना हे बघवत नाही. “अगं, समुद्र आहे पण सुकटीचा वास कुठे नाही,” असं हे दोनदा म्हणाले.

वाटेत इस्लामोराडा नावाचं गाव लागतं. तिथे रस्त्याला लागूनच दगडाचं एक स्मारक आहे. आधी या बेटांवरून रेल्वे जायची, १९१२ साली सुरू झालेली. १९३५ च्या सप्टेंबरमधल्या वादळाने ती उखडली आणि चारशेहून अधिक माणसं गेली. त्यांत पहिल्या महायुद्धात लढलेले, नंतर पोटासाठी रस्त्याच्या कामावर आलेले कितीतरी सैनिक होते. त्यांतल्या अनेकांची रक्षा या स्मारकात आहे. गाड्या शेजारून भरधाव जातात. आम्ही थांबलो तेव्हा दुसरं कोणीही थांबलं नाही.

की वेस्ट हे नाव आम्हाला पश्चिमेवरून पडलं असेल असं वाटत होतं. तसं नाही. स्पॅनिश लोक या बेटाला ‘कायो उएसो’ म्हणत, म्हणजे हाडांचं बेट. किनाऱ्यावर माणसांची हाडं पडलेली दिसली म्हणून हे नाव. ‘उएसो’चं इंग्रजांच्या तोंडी ‘वेस्ट’ झालं. गावाची जुनी श्रीमंतीही फुटलेल्या जहाजांवरची. खडकांवर जहाज आपटलं की इथले लोक होड्या घालून माणसं वाचवायचे आणि मालातला हिस्सा घ्यायचे. त्या हिश्शाचा निवाडा करायला १८२८ पासून इथे खास न्यायालय होतं. आम्ही बेने इस्राएल हे ऐकताना गालातल्या गालात हसलो. आमचीही सुरुवात फुटक्या जहाजापासूनच सांगतात, फक्त आमच्या मालातला हिस्सा मागायला कोणी आलं नसावं.

हिग्ज बीच हा तिथला लोकांचा आवडता किनारा. मुलं वाळूत खेळतात, पलीकडे कुत्र्यांना मोकळं सोडायची बाग आहे. आणि मधोमध, पाण्यापासून काही पावलांवर, आफ्रिकन लोकांचं कबरस्तान. १८६० च्या उन्हाळ्यात अमेरिकन नौदलाने क्यूबाकडे गुलाम घेऊन निघालेली तीन जहाजं पकडून इथे आणली: वाइल्डफायर, विल्यम आणि बोगोटा. त्यांत मिळून १,४३२ माणसं होती, पुष्कळशी कोवळ्या वयाची. बाहेरून गुलाम आणायला १८०८ पासून बंदी होती, पण गावात गुलामगिरी चालूच होती, हे विसरू नये. तरीही तिथल्या सरकारी मार्शलने घाईघाईने निवारा आणि इस्पितळ उभारलं. गावातल्या बायकांनी कपडे आणून दिले. महिन्या-दोन महिन्यांत २९४ जण मेले. उरलेल्यांना घरी नाही, लायबेरियाला पाठवलं, आणि त्या प्रवासातही कितीतरी दगावले.

आम्ही नर्स लोकांना असा फलक वाचला की पहिला प्रश्न पडतो: कशाने? जहाजाच्या तळात आठवडेच्या आठवडे कोंबलेली माणसं, घाण पाणी, हगवण, ताप. आम्हाला नर्सिंगच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं ते साखर-मिठाचं पाणी त्यांतल्या कितीतरी पोरांना वाचवू शकलं असतं. तेव्हा ते कोणालाच माहीत नव्हतं. त्या इस्पितळात रात्रपाळीला कोण बसलं असेल, याचा विचार करत आम्ही तिथल्या कठड्यावर बराच वेळ बसून राहिलो.

आणि दुसरा प्रश्न: २९४ हा आकडा कुठून आला? मेलेल्यांची नावं कोणी विचारलीच नसावीत, पण पुरण्याच्या कामाचे पैसे एका सुताराला दिले गेले आणि तो हिशेब सरकारी कागदांत राहिला. म्हणजे बिलामुळे आकडा राहिला! कबरी मात्र लोक विसरले. यादवी युद्धाच्या वेळी तिथेच किल्ल्याचा बुरूज बांधला, पुढे बीच झाला, रस्ता झाला. जुने कागद वाचून कोणीतरी पाठपुरावा केला, तेव्हा २००२ साली जमिनीखालचं दिसणारं रडार फिरवून आधी नऊ कबरी सापडल्या, आणि नंतर त्या कुत्र्यांच्या बागेखाली आणखी बऱ्याच.

दुसऱ्या दिवशी गावातलं मोठं कबरस्तान पाहिलं. १८४६ च्या वादळात समुद्रकाठच्या जुन्या कबरी वाहून गेल्या, म्हणून १८४७ साली हे बेटावरच्या उंच जागी केलं. उंच म्हणजे किती, तर आपल्या दोन मजल्यांच्या घराएवढंही नाही. तिथे एका बाईच्या दगडावर ती आजारी असल्याचं तिने आधीच सांगितलं होतं, अशा अर्थाचं कोरलेलं आहे. चाळीस वर्षं वॉर्डात काढलेल्या माणसाला ते वाचून हसू येतं, आणि लगेच दोन-तीन पेशंट आठवतात. ज्यूंचा वेगळा भाग आहे, तिथे आम्ही खडे ठेवले.

हे सगळं आत्ता का सांगतो आहोत? आम्ही परत आलो त्याच आठवड्यात भाच्याने डिसेंबरच्या सहलीचं वेळापत्रक पाठवलं. इथे जन्मलेली आपली नातवंडं, चार कुटुंबांतली मिळून अकरा मुलं, पहिल्यांदा कोकणात जाणार. अलिबागला रिसॉर्ट दोन दिवस. पॅरासेलिंग. जंजिरा. आणि खाली एक ओळ: ‘नवगाव, फोटो स्टॉप, २० मिनिटं.’

आम्हाला राग आला हे खरं. हे म्हणाले, “पोरं सुट्टीला चाललीत, कबरस्तानात रडायला नाही.” त्यांचंही चूक नाही. आम्हीही की वेस्टला रडायला गेलो नव्हतो. पण नवगावला रडायचं नाहीच, तिथे काम करायचं आहे.

सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही गोष्ट आपल्या प्रत्येक घरात सांगतात. त्यांनी शेमा लक्षात ठेवला, तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून शनिवार तेली झाले. जे बुडाले आणि नवगावच्या किनाऱ्याला लागले, पुरुष एकीकडे आणि बायका दुसरीकडे पुरले असं सांगतात, ते किती होते? आपल्याकडे सुताराचं बिलही नाही. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ साली आपला इतिहास लिहून काढला, तोही छापून यायला १९३७ उजाडलं. दोन हजार वर्षांमागचं काय गेलं ते गेलं, त्याला इलाज नाही.

इलाज आहे तो अलीकडच्या कबरींना. नवगाव, अलिबाग, रेवदंडा, पेण, रोहा. आपली आडनावंच या गावांचा नकाशा आहेत, पण त्या गावांत आज आपली घरं उरली आहेत ती बोटांवर मोजण्याइतकी. बाकी दगड. खाऱ्या वाऱ्याने आणि पावसाने त्यांवरची मराठी अक्षरं पुसट होत चालली आहेत. अलिबागला गेल्या खेपेला आम्ही आमच्या आजेसासूबाईंची कबर शोधायला दीड तास घालवला, आणि सापडली ती नावावरून नाही, शेजारच्या झाडावरून. वॉर्डात आमच्या मेट्रन म्हणायच्या, लिहिलं नाही ते झालंच नाही. त्या औषधाच्या डोसबद्दल म्हणायच्या, पण इथेही तेच लागू आहे.

काहीजण म्हणतील, स्मारक आहे ना नवगावला, खांब उभा आहे, झालं की. खांब सगळ्यांचा असतो. अमुक सालच्या पटकीत गेलेल्या बाळंतिणीचा दगड तिचा एकटीचा असतो, आणि तो वाचणारं माणूस आणखी वीस वर्षांनी मिळणार नाही. ही मुलं मराठी बोलतात तोडकंमोडकं, वाचता एकीलाच येतं. ती वाचेल, बाकीचे लिहितील.

भाच्याला उत्तर पाठवलं आहे. नवगावला दोन तास आणि अलिबागच्या कबरस्तानात एक सकाळ. सकाळच म्हणजे सकाळ, नऊच्या आत, कारण ऊन तिरपं असताना झिजलेली अक्षरं फोटोत उठून दिसतात. दगड घासायचे नाहीत, खडूने रंगवायचे नाहीत, फार तर साधं पाणी शिंपडायचं. प्रत्येकाकडे एक वही आणि पेन्सिल. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, साल, कोणत्या रांगेतला कितवा दगड. वाचता आलं नाही तर तसं लिहायचं, अंदाजाने भरायचं नाही. सगळ्यांनी मिळून हश्कबा म्हणायची, तेवढी मुलांना येते.

जंजिरा रद्द करावा लागेल. पॅरासेलिंग राहू दे, समुद्राची संध्याकाळ मोकळीच आहे.