लोहमार्गाच्या कडेची वाट

तोट्यात चालणारे लहान लोहमार्ग उखडून टाकावेत, त्यांच्या भरावावर सायकलींसाठी रम्य वाटा कराव्यात, म्हणजे ओसाड स्थानकांना कळा येईल, पर्यटक येतील, प्रकृतिस्वास्थ्य सुधारेल आणि सरकारी तिजोरीवरचा भारही उतरेल, असा एक विचार अलीकडे सुशिक्षितांच्या बैठकांतून मोठ्या आत्मविश्वासाने मांडला जातो; आणि त्याच्या नेमके उलट, रेल्वेची हद्द ही रेल्वेचीच असून तीत सायकलस्वाराने चाक घालणे हा गुन्हा होय, असे दुसरा पक्ष तितक्याच करारीपणाने बजावतो. पूर्णा–अकोला मार्गावरील वसमतेसारख्या गावी ज्याचे दिवस जातात त्याला या दोन्ही पक्षांचे ऐकताना एकच शंका येते: यांपैकी कोणी मोंढ्यात हळदीच्या पोत्यांची थप्पी लागताना किंवा गवताचा भारा कॅरियरला आवळून रुळांच्या कडेने घरी निघालेला माणूस कधी पाहिला आहे काय?

पहिल्या पक्षाचे सर्वांत लाडके प्रमाण अमेरिकेचे. तेथे शेकडो सोडून दिलेल्या लोहमार्गांवर सायकलवाटा झाल्या, हे खरे. परंतु ज्या १९८३ च्या कायद्याने त्यांतल्या अनेक वाटांना आधार दिला त्याचे मर्म ही मंडळी सांगत नाहीत. रूळ निघाले तरी मार्गाची पट्टी अखंड राखावी, तिचे तुकडे विकले जाऊ नयेत, आणि पुढे गाडीची गरज पडली तर ती पट्टी पुन्हा लोहमार्गासाठी मोकळी व्हावी, या अटीवरच तेथे वाटसरूला मधल्या काळापुरती मुभा आहे. म्हणजे ज्या दाखल्यावरून रूळ उखडण्याची शिफारस होते, तो दाखला वस्तुतः लोहमार्गाचा वारसाहक्क शाबूत ठेवण्यासाठी जन्मला. पूर्वपक्षाचे साक्षीदार असे उत्तरपक्षाला फितूर निघावेत, हे त्या पक्षाचे दुर्दैव!

अमेरिका दूर राहिली. आपल्या मराठवाड्याच्या उंबरठ्यावरचे उदाहरण घ्यावे. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अशी अडीच फूट रुंदीची आगगाडी सुरू केली. ती पुढे १९११ मध्ये लातुरास व १९२७ मध्ये मिरजेस पोहोचली. बार्शी लाईट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या गाडीचा वेग, तिचा धूर, आषाढीला तिच्या टपावर चढणारे वारकरी, हे सारे पुष्कळ वर्षे थट्टेचा विषय झाले होते, आणि मोटारींची वाहतूक वाढल्यावर तिचा जमाखर्च जुळेनासा झाला तेव्हा हे खेळणे आता पुरे असे म्हणणाऱ्यांची उणीव नसणार. सुदैवाने मार्ग टिकला, आणि या शतकाच्या आरंभी टप्प्याटप्प्याने, काही वळणे सोडून जवळजवळ त्याच रेषेवर, रुंद रूळ पडले. पुढे २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहर कोरडे पडले, टँकरभोवती दंगे होतील या भयाने जिल्हाधिकाऱ्यांना जमावबंदी पुकारावी लागली, तेव्हा मिरजेहून पाण्याच्या वाघिणी निघाल्या आणि पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी या मार्गाने १२ एप्रिल रोजी लातुरास पोहोचल्या. पहिल्या खेपेस अवघ्या १० वाघिणी, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर. पुढे ५० वाघिणींची गाडी येऊ लागली. तोट्याच्या हिशेबाने ती पट्टी मध्यंतरी मोडीत काढली असती, तिच्यावर फुलझाडांच्या रांगा आणि लाल रंगाची गुळगुळीत वाट झाली असती, तर त्या एप्रिलात त्या वाटेवरून कोणी किती घागरी सायकलला अडकवून नेल्या असत्या, याचे गणित त्या मंडळींनी एकदा मांडून दाखवावे.

शकुंतला या नावाच्या गाडीची गोष्ट याहून उदास आहे. मूर्तिजापूर–यवतमाळ आणि मूर्तिजापूर–अचलपूर या अरुंद मार्गांवरून एकेकाळी वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे वाहिला. मालकी स्वातंत्र्यानंतरही विलायती कंपनीकडेच राहिली, दुरुस्ती कोणी करायची याचा घोळ संपला नाही, आणि गाडी थांबल्यावर रुळांतून बाभळी उगवल्या. तेथे सायकलवाट करा असे म्हणणे सोपे आहे. पण त्याच यवतमाळसाठी वर्धा–नांदेड हा नवा मार्ग घालताना शेतकऱ्यांच्या जमिनी नव्याने संपादन कराव्या लागल्या, हे विसरू नये. दोन मार्गांच्या दिशा वेगळ्या आहेत हे मान्य करूनही एवढे निर्विवाद उरते, की आज एकसंध असलेली शंभर किलोमीटरची पट्टी एकदा तुकड्यांनी गेली म्हणजे ती पुन्हा जोडण्यास एक पिढी आणि कोर्टाचे अनेक दावे लागतात.

आता वसमतेकडे. निजामी अमदानीत, १९१२ च्या सुमारास, पूर्णेहून हिंगोलीपर्यंत मीटरगेजचा फाटा आला. स्वातंत्र्यानंतर तो अकोला, खंडवा या बाजूने उत्तरेस जोडला गेला, आणि काचीगुड्याहून जयपूरकडे जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस आपल्या गावावरून धावू लागली. २००८ मध्ये पूर्णा–अकोला मार्ग रुंद झाला. येथील हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरी ती हळद सांगलीच्या पेठेस जाते ती बहुतांशी ट्रकाने, आणि यावरूनच पहिला पक्ष विचारतो, की मग रुळांचा उपयोग काय? याचे उत्तर रुळांत नाही, दरपत्रकात आहे. रेल्वेने किरकोळ माल स्वीकारणे जवळपास सोडून दिले. तिला हवी असते सुमारे ४२ वाघिणींची, अडीच हजार टनांच्या घरातली भरगच्च गाडी, आणि मोंढ्यातला एखादा आडत्या किंवा शेतकऱ्यांची एखादी कंपनी इतका माल एका दिवशी कोठून आणणार? २०२० च्या ऑगस्टात देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल सुटली, आणि थोड्याच महिन्यांत आपल्याच नांदेड विभागातील नगरसोलहून कांद्याच्या गाड्या पूर्वेकडे धावू लागल्या, त्या कशाच्या बळावर? थोड्या थोड्या मालाची एकत्र नोंदणी आणि भाड्यात निम्मी सवलत, एवढ्याच दोन गोष्टींच्या. नियम बदलला की तेच रूळ कामाचे ठरले.

एका ठिकाणी मात्र मी आपला पक्ष स्वखुशीने सोडतो. वसमतेवरून जाणारा हाच मार्ग अकोटच्या पुढे मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पातून जात असे. २०१७ च्या आरंभापासून तेथे गाडी नाही. धूळघाटाजवळ लोहमार्ग स्वतःलाच वळसा घालून चढतो ते स्थळ पाहून कोणाही सायकलस्वाराचे मन मोहित होईल, परंतु तेथे गाडीही नको आणि सायकलही नको. रुंद मार्ग बाहेरून न्यावा, आणि जुना भराव अरण्याला परत द्यावा.

दुसऱ्या पक्षाचे खंडन थोडक्यात होते. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ अन्वये हद्दीत अनधिकाराने शिरणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे कोण नाकारतो? पण हा हुकूम असूनही गिट्टीच्या कडेने पाऊलवाटा पडल्याच आहेत, कारण माणसांना दुसरी वाट नाही. फाटके बंद होऊन ठिकठिकाणी भुयारी मार्ग झाले, आणि श्रावणात त्यांत काळ्या चिखलाचे पाणी साठले की शाळेच्या पोरी सायकल खांद्यावर घेऊन रूळ ओलांडतात. मानव विकास कार्यक्रमातून सरकारनेच राज्यातील मागास तालुक्यांत मुलींना सायकली वाटल्या. सायकल दिली, वाट दिली नाही. कैदेचा धाक दाखवून हा प्रश्न मिटत नाही.

म्हणून माझे मंडन असे: वाट हवी, पण रुळांच्या जागी नव्हे, रुळांच्या सोबतीने. मुंबईत तानसाच्या जलवाहिन्यांच्या कडेने मुलुंड ते शीव असा सायकलमार्ग महापालिकेने योजिला, तेव्हा त्यासाठी नळांचे पाणी बंद करा असे कोणी म्हटले नाही. भरावाच्या पायथ्याशी, कुंपणाच्या बाहेर, ज्या बाजूस पुढे दुसरा रूळ पडण्याचा संभव नाही त्या बाजूस, रेल्वेस लागेल तेव्हा मोकळी करून देण्याच्या लेखी करारावर ही पट्टी नगरपरिषदेस आणि ग्रामपंचायतींस द्यावी. सवय झाली की लोक हटणार नाहीत, ही भीती खोटी नाही. तिला उत्तर एवढेच, की बाभळी आणि अतिक्रमणे हटवण्यापेक्षा करारातली वाट सरकवणे सोपे. खर्च वाटेचा थोडा, नाल्यांवरच्या लहान पुलांचा अधिक. आणि काळ्या जमिनीची खोड ओळखावी: ती पावसात फुगते, वैशाखात हात जाईल एवढी भेगाळते, म्हणून डांबराआधी जाड मुरूम दाबला पाहिजे आणि भरावाची पाणी काढून देणारी चर कोठेही बुजता कामा नये, नाहीतर वाटेपायी रूळच खचतील. जेथे रेल्वेची जागा अपुरी पडेल तेथे पूर्णा प्रकल्पाच्या कालव्याचा बांध आहेच.

मालासाठीची दरखास्त आणि वाटेसाठीची दरखास्त निरनिराळ्या कचेऱ्यांत जातात, त्यामुळे एकीचा कारकून दुसरीचे कारण सांगून दोन्ही फायली परत पाठवू शकतो. व्यापाऱ्यांनी आणि पालकांनी एकाच अर्जावर सह्या करून तो नांदेडच्या विभागीय कार्यालयात द्यावा, त्याची नक्कल जिल्हाधिकाऱ्यांकडे ठेवावी, आणि पोच घेतल्यावाचून परतू नये.