घरात राहून बाळ सांभाळणाऱ्या कामगारांचे वेतन व निवास याबाबतचे निवेदन

प्रति,
मा. मंत्री महोदय,
कामगार विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई 400 032

विषय : मालकाच्या घरी राहून मूल सांभाळणाऱ्या स्त्रियांचे किमान वेतन, कामाचे तास, राहण्याच्या अटी व कामगार पुरवणाऱ्या ब्युरोंवरील नियंत्रण यांविषयी तातडीने निर्णय होण्याबाबत.

महोदय,

या निवेदनाखाली दोन प्रकारच्या सह्या आहेत. पहिल्या सह्या पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरात लोकांच्या घरी राहून त्यांची बाळे सांभाळणाऱ्या बायकांच्या आहेत. बोलीभाषेत आम्हाला ‘चोवीस तासांची बाई’ म्हणतात. दुसऱ्या सह्या आमच्या हाती मूल सोपवून नोकरीवर जाणाऱ्या काही आयांच्या आणि बापांच्या आहेत. मागणी एकाची आणि देणे दुसऱ्याचे, असा हा मामला असूनही आम्ही एकत्र आलो. कारण योग्य पगार किती, हे आज दोघांनाही ठाऊक नाही आणि ते सांगणारी यंत्रणा राज्यात नाही.

सध्या पगार कसा ठरतो ते आधी सांगतो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर कोणीतरी विचारते, “चोवीस तासांच्या बाईला काय देता?” उत्तरे येतात आणि त्यांतला मधला आकडा धरला जातो. नाहीतर ब्युरो आकडा सांगतो, ज्यात त्याचे कमिशन आधीच मिसळलेले असते. बाई गरजू दिसली की आकडा खाली येतो, बाळ जुळे असले की थोडा वर जातो. बाईचे आडनाव काय, यावरही कामाची आणि पैशांची बोलणी फिरतात, हे लिहायला संकोच वाटतो. पण ते खरे आहे. शेवटी एक वाक्य हमखास ऐकू येते : “राहणे-जेवणे आमच्याकडेच आहे, मग तुला खर्च काय?”

आमचा मुख्य आक्षेप याच वाक्याला आहे. परभणी, जालना, नंदुरबारकडून आलेल्या बाईने पुण्यात राहावे ही गरज घरमालकाची असते. बाळ पहाटे तीन वाजता रडते, आईला आठ वाजता ऑफिसची गाडी पकडायची असते, म्हणून बाई घरात हवी असते. तिचे स्वतःचे घर गावी चालूच असते. तिथे तिची मुले आजीपाशी असतात, त्यांची फी असते, भाडे किंवा कर्जाचा हप्ता असतो. मालकाच्या सोयीसाठी ती जिथे झोपते, त्या जागेचे मोल तिच्या पगारातून वळते करणे म्हणजे रात्रीच्या पहारेकऱ्याकडून त्याच्या खुर्चीचे भाडे घेण्यासारखे आहे.

कायद्याची स्थिती आपणास अवगत आहेच, तरी आमच्या बाजूने ती कशी दिसते ते मांडणे जरूर आहे. 1980 साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, त्यानंतर घरकामगारांची संघटना उभी राहिली. पुढे 2008 मध्ये महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण मंडळ कल्याणाचे आहे, पगाराचा दर ते ठरवत नाही. कर्नाटक, केरळ, आंध्र प्रदेश, राजस्थान, तमिळनाडू या राज्यांनी घरकामाचे किमान वेतन अधिसूचित केले. आपल्या राज्यात ते झाले नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात वेतन संहिता लागू झाली. तिने जुन्या अनुसूचीची अट काढली, ही चांगली गोष्ट. परंतु ती ‘आस्थापना’ या शब्दावर उभी आहे, आणि एखाद्या कुटुंबाचा तीन खोल्यांचा फ्लॅट ही आस्थापना आहे का, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक जण आपल्या सोयीने देतो. औद्योगिक संबंध संहितेने तर ‘उद्योग’ या व्याख्येतून घरगुती सेवा स्पष्टपणे वगळली आहे. त्यामुळे त्या संहितेची तंटा सोडवण्याची वाट आम्हाला बंद आहे. उलट सामाजिक सुरक्षा संहिता घरांमध्ये काम करणाऱ्यांना मजुरी कामगार मानते. म्हणजे मदत वाटताना आम्ही कामगार ठरतो आणि हक्क मागताना ठरत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 29 जानेवारी 2025 रोजी अजय मलिक विरुद्ध उत्तराखंड राज्य या प्रकरणात घरकामगारांसाठी कायदेशीर चौकटीचा विचार करायला केंद्राला समिती नेमण्यास सांगितले. केंद्र काय करते याची वाट पाहत राज्याने थांबावे असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करून घेणे ही संविधानाच्या अनुच्छेद 23 खालील वेठबिगारीच आहे, हे न्यायालयाने 1982 मध्ये एशियाड कामगारांच्या खटल्यात सांगून ठेवले आहे. मात्र आमच्यासाठी किमान म्हणजे किती, हे ठरवलेलेच नसल्याने तो निकालही आमच्या हातात येत नाही.

म्हणून पहिली व सर्वांत मोठी मागणी दराची. हिशेब कसा व्हावा, हे आम्ही आपसांत बसून करून पाहिले. समजा, 8 तासांच्या कामाचे महिन्याचे किमान वेतन 15,000 रुपये धरले. 26 दिवस कामाचे, म्हणजे 208 तास. तासाला साधारण 72 रुपये पडतात. चोवीस तासांची बाई सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत हाताशी असते. मध्ये जेवण, आंघोळ, बाळ झोपल्यावरची टेकणी असे 4 तास सोडले तरी 12 तास प्रत्यक्ष काम होते. जास्तीचे 4 तास वेतन संहितेप्रमाणे दुप्पट दराने, 144 रुपयांनी मोजले तर महिन्याचे 14,976 रुपये होतात. रात्रीचे 8 तास ती झोपलेली असते, पण कानाने जागी असते. तो वेळ निम्म्या, म्हणजे 36 रुपये दराने धरला तर आणखी 7,488 रुपये. एकूण 37,464.

हा आकडा पाहून आमच्यातल्या पालकांचे चेहरे उतरले, हे लपवण्यात अर्थ नाही. दोघांची नोकरी असलेल्या घरालाही हे परवडणारे नाही. पण 15,000 मध्ये चोवीस तास मिळतात तेव्हा उरलेले 22,000 कोणीतरी भरतच असते. ते बाई आपल्या झोपेतून आणि मुलांपासूनच्या ताटातुटीतून भरते. त्या बैठकीत आम्ही एका निष्कर्षाला आलो : पगार परवडत नसेल तर तास कमी करावेत. एकाच बाईकडून दिवस आणि रात्र दोन्ही घेण्याची पद्धत मोडली पाहिजे. रात्र आईबापांनी आळीपाळीने सांभाळावी, किंवा तिच्यासाठी वेगळी बाई ठेवून वेगळे पैसे द्यावेत.

त्यानुसार शासनाने घरात राहून मूल सांभाळण्याच्या कामाला स्वतंत्र गट मानून महापालिका क्षेत्रे व इतर भाग यांसाठी किमान दर जाहीर करावेत. दिवसाचे प्रत्यक्ष काम 8 तासांचे असावे. दुप्पट दर देऊनही ते 10 तासांपुढे जाऊ नये. रात्री उठण्याची जबाबदारी असेल तर त्या तासांचा वेगळा दर ठरवावा, आणि दुसऱ्या दिवशी तेवढी विश्रांती सक्तीची असावी. तीन महिन्यांच्या आतले बाळ, जुळी, वेळेआधी जन्मलेले किंवा आजारी मूल यांसाठी वाढीव दर हवा. आठवड्यातून सलग 24 तासांची पगारी सुट्टी हवी आणि त्या दिवशी घराबाहेर जायची मोकळीक हवी. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने 2011 मध्ये स्वीकारलेला 189 क्रमांकाचा करारही आठवड्यातून सलग 24 तासांची विश्रांती आणि त्या वेळी घराबाहेर जायची मोकळीक असावी, असे सांगतो. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, पण अद्याप तो अनुसमर्थित केलेला नाही.

राहण्या-जेवणाबाबत आमची विनंती कायद्याच्या एका ओळीपुरती आहे. वेतन संहितेतील व्याख्येनुसार निवास, वीज, पाणी, वैद्यकीय मदत यांचे मूल्य वेतनाच्या हिशेबातून वगळण्याचा आदेश समुचित शासन काढू शकते. आमच्या बाबतीत ते शासन म्हणजे राज्य शासन. असा आदेश काढून घरात राहणाऱ्या बाल-सांभाळ कामगारांच्या पगारातून निवास आणि जेवण यांपोटी एक रुपयाही कापता येणार नाही, हे स्पष्ट करावे. कामासाठी दिलेला ॲप्रन, साबण, हातमोजे यांचेही तसेच.

निवासाच्या किमान अटी लेखी ठरवून द्याव्यात. वरील करारासोबतच्या 201 क्रमांकाच्या शिफारशीत स्वतंत्र, हवेशीर, कुलूप लावता येणारी खोली आणि तिची किल्ली कामगाराकडे, असे म्हटले आहे. पुण्या-मुंबईच्या दोन खोल्यांच्या घरात ते नेहमी शक्य नाही, हे आम्हाला कळते. म्हणून निदान एवढे तरी बंधनकारक करा : बाईला पलंग किंवा जाड गादी, अंथरूण-पांघरूण, पंखा आणि सामानासाठी स्वतःचे कुलूपबंद कपाट मिळावे. कपडे बदलण्याच्या व झोपण्याच्या जागेत कॅमेरा नसावा. घरात इतरत्र कॅमेरा असेल तर तो कुठे आहे हे पहिल्या दिवशी सांगावे. बाळाच्या सुरक्षेसाठी कॅमेरा लावणाऱ्या पालकांची काळजी आम्ही समजतो, सही करणाऱ्यांतही तसे पालक आहेत. पण पाळण्यावर नजर ठेवणारा कॅमेरा आणि बाईच्या गादीवर रोखलेला कॅमेरा यांत फरक आहे. शौचालय व न्हाणीघर वापरू द्यावे. घरात जे ताजे शिजते तेच तिच्या ताटात असावे. स्वयंपाकघरातला वेगळा कप, सोसायटीतली वेगळी लिफ्ट या गोष्टी शासन निर्णयात लिहायची वेळ यावी, हे शरमेचे आहे. तरी लिहा.

बाळाचे काम म्हणजे काय, हेही बाई आणि मालक यांच्यातल्या लेखी करारात असावे. दूध, बाटल्या निर्जंतुक करणे, मालिश, आंघोळ, भरवणे, खेळवणे, बाळाचे कपडे आणि खोली एवढे त्यात येते. पंधरा दिवसांत त्यात घरच्यांच्या पोळ्या शिरतात, मग भांडी, मग पाहुणे. जास्तीचे काम घ्यायचे तर जास्तीचे पैसे ठरवून घ्यावे. शासनाने मराठी व हिंदीत एक पानी नमुना करारपत्र तयार करून सेतू केंद्रांत आणि मंडळाच्या कार्यालयांत ठेवावे. पगार 7 तारखेच्या आत बँकेत जमा व्हावा. उचल दिली असेल तर ती किती हप्त्यांत फिटेल ते लिहिलेले असावे. उचल फिटली नाही म्हणून बाईला घरात थांबवणे हा गुन्हा मानावा. मूळ आधार कार्ड मालकाने किंवा ब्युरोने ठेवून घेऊ नये.

काम कधी संपते, हा आमच्या आयुष्यातला सर्वांत कठीण भाग आहे. मूल प्लेग्रुपला जाऊ लागते आणि एका संध्याकाळी सांगितले जाते की उद्यापासून नको. इतरांची नोकरी जाते तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्पर तरी राहते. आमची नोकरी आणि छप्पर एकाच वेळी जातात. काही बायकांना रात्री नऊनंतर पिशवीसह फाटकाबाहेर उभे केले गेले आहे. म्हणून एक महिन्याची नोटीस किंवा त्याऐवजी एक महिन्याचा पगार सक्तीचा करावा. सूर्यास्तानंतर कोणत्याही कारणाने बाईला घराबाहेर काढता येऊ नये. चोरीचा आरोप असेल तर पोलिसांना बोलवावे. पिशवी उघडून झडती घेण्याचा अधिकार घरमालकाला नाही, हे करारपत्रावर ठळक छापावे. वर्षभराच्या कामावर दिवाळीला एक महिन्याचा पगार देण्याची रीत अनेक घरांत आहेच, ती नियमात आणावी.

ब्युरोंबद्दल थोडक्यात. ते दोन्हीकडून पैसे घेतात, बाईला पहिल्या पगाराला मुकावे लागते, आणि तक्रार झाली की फोन बंद होतो. छत्तीसगडने 2013 मध्ये, दिल्लीने 2014 मध्ये, झारखंडने 2016 मध्ये अशा खासगी संस्थांसाठी नियम केले. महाराष्ट्रात त्यांची सक्तीची नोंदणी व्हावी, कामगाराकडून कोणतेही शुल्क घेण्यास बंदी असावी, आणि झारखंड किंवा छत्तीसगडमधून आणलेल्या मुलींच्या वयाचा पुरावा तपासला जावा. 14 वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यास 2006 पासून बंदी आहे. 16-17 वर्षांच्या मुलीही रात्रंदिवस बाळ सांभाळताना आम्ही पाहतो.

घरात सरकारी निरीक्षक येतील या भीतीने हा विषय अडकतो, असे आम्हाला सांगितले जाते. घराची खासगी बाजू आम्हीही मानतो. तपासणी केवळ तक्रारीवरून, आधी कळवून, महिला अधिकाऱ्याकडून व्हावी. बाकी तंट्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात कामगार उपायुक्तांकडे सलोख्याचा एक कक्ष असावा, आणि तक्रारीचा निर्णय 30 दिवसांत व्हावा. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी 2013 च्या कायद्यात जिल्ह्याची स्थानिक समिती आहे आणि तिथे घरकामगारांचा स्पष्ट उल्लेख आहे, पण तिचा पत्ता आमच्यातल्या कोणालाच माहीत नव्हता. तो प्रत्येक सोसायटीच्या सूचनाफलकावर लावण्याचे आदेश सहकार विभागामार्फत निघावेत.

मंडळातील नोंदणीही सोपी व्हावी. एप्रिल 2021 च्या टाळेबंदीत शासनाने नोंदीत घरकामगारांना 1,500 रुपये जाहीर केले, तेव्हा आमच्यापैकी बहुतेकींची नोंदच नव्हती. मालक दाखला देत नाही, आणि घरात राहणाऱ्या बाईला कार्यालयीन वेळेत बाहेर पडता येत नाही. पगार जमा झाल्याची बँक नोंद हाच कामाचा पुरावा मानावा आणि रविवारी नोंदणी शिबिरे घ्यावीत.

निवेदनकर्त्या पालकांच्या वतीने एक जोडमागणी आहे. 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी पाळणाघराची सोय करावी, हे 2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने सांगितले होते. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा परिसरातील किती आस्थापना ते पाळतात याची तपासणी करून यादी जाहीर करावी. पाळणाघर असेल तर चोवीस तासांच्या बाईची गरज अनेक घरांत निम्म्याने कमी होईल, आणि आमच्यापैकी काहींना त्या पाळणाघरांत ठरलेल्या वेळेची नोकरी मिळेल.

या मागण्यांपैकी निवास-जेवणाची कपात रोखणारा आदेश, नमुना करारपत्र आणि स्थानिक समितीचे पत्ते या तीन गोष्टींना नव्या कायद्याची गरज नाही. त्या चालू तिमाहीत कराव्यात. किमान दरासाठी समिती नेमताना तिच्यावर घरात राहून काम करणाऱ्या किमान दोन स्त्रिया घ्याव्यात आणि बैठका रविवारी ठेवाव्यात, कारण इतर दिवशी त्यांना येता येणार नाही. शिष्टमंडळाला भेटीची वेळ द्यावी, तीही शक्यतो रविवारी किंवा संध्याकाळी सातनंतर.

आपल्या विनीत,
पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरातील घरात राहून बाळे सांभाळणाऱ्या स्त्रिया व निवेदनास पाठिंबा देणारे पालक
(सह्या व अंगठे सोबतच्या पानांवर)

प्रत माहिती व उचित कार्यवाहीसाठी :
मा. कामगार आयुक्त, महाराष्ट्र राज्य, मुंबई
मा. अपर कामगार आयुक्त, पुणे
मा. अध्यक्षा, महाराष्ट्र राज्य महिला आयोग, मुंबई
मा. जिल्हाधिकारी, पुणे