ट्रिगर एका ओळीवर तपासू नका

ट्रिगर शिकणाऱ्याचा पहिला प्रयोग ठरलेला असतो: टेबलमध्ये एक ओळ इन्सर्ट करायची आणि ऑडिट टेबलमध्ये नोंद पडली की काम झाले म्हणायचे. आपल्यापैकी अनेक जण हाताखालच्या मुलांना तिथेच शाबासकी देऊन मोकळे होतात. ट्रिगरचे खरे शिक्षण त्यानंतर सुरू होते आणि ते देणे ही ज्येष्ठांची जबाबदारी आहे.

पोस्टग्रेसचे उदाहरण घ्या. ओळीगणिक चालणाऱ्या 'बिफोर' ट्रिगरच्या फंक्शनमध्ये शेवटी हात सवयीने 'रिटर्न न्यू' लिहितो. इन्सर्ट-अपडेटला ते बरोबरच आहे. तेच फंक्शन डिलीटला जोडले की पंचाईत होते. डिलीटमध्ये नवी ओळ नसतेच. 11व्या आवृत्तीपासून तिथे 'न्यू' नल असते आणि नल परत आले की पोस्टग्रेस ती ओळ निमूट वगळते. एरर नाही, वॉर्निंग नाही, पडद्यावर फक्त 'डिलीट 0'. तिथे 'रिटर्न ओल्ड' हवे. हे पुस्तकात वाचून डोक्यात राहत नाही. मुलाला तो शून्य स्वतः बघू द्या, त्यामागचे कारणही त्यालाच शोधू द्या.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये फसगत वेगळी. तिथे ट्रिगर स्टेटमेंटमागे एकदाच चालतो. 'इन्सर्टेड' टेबलमधला आयडी एका व्हेरिएबलमध्ये उचलून पुढचे काम केले, तर 500 ओळींच्या अपडेटनंतर ऑडिटमध्ये नोंद एकच पडते. ओरॅकल निदान ओरडतो: रो ट्रिगरमधून त्याच टेबलवर क्वेरी टाकली की सहसा ओआरए-04091 समोर येतो.

प्रोसीजर आणि ट्रिगर यांच्यातला फरकही असाच शिकवावा लागतो. पोस्टग्रेसमध्ये 2018 साली 11व्या आवृत्तीत प्रोसीजर आल्या आणि त्यांच्यात कमिट करता येऊ लागले. ट्रिगर फंक्शनला ती मुभा नाही. ते मूळ ट्रान्झॅक्शनच्या आतच चालते. म्हणून ट्रिगरमधून थेट ईमेल पाठवण्याला आमचा ठाम विरोध आहे. ट्रान्झॅक्शन रोलबॅक झाले तरी गेलेला मेल परत येत नाही. पाठवायच्या मेलची नोंद एका टेबलमध्ये टाका, बाहेरचा जॉब ती उचलेल. रोलबॅक झाले तर नोंदही पुसली जाईल.

तेव्हा पुढच्या कोड रिव्ह्यूत ट्रिगर आला, तर मंजुरीआधी त्याच्यासोबत अनेक ओळींचा अपडेट, एक डिलीट आणि एक मुद्दाम केलेला रोलबॅक यांच्या चाचण्या मागा. त्या नसतील तर लिहिणाऱ्याला शेजारी बसवा आणि त्याच्याकडूनच लिहून घ्या.